पन्नासची हौस, चाळीसचं धनुष्य

आधी कबुली देतो. हे परीक्षण ज्या धनुष्याचं आहे त्याच्या पात्यांचे तीन जोड माझ्याकडे आहेत. ५० पाउंडांचा, ३५ चा आणि ४० चा (पाउंड म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर). घेतले त्याच क्रमानं. जाणकाराला एवढ्यावरून सगळं कळलं असेल. बाकीच्यांनी पुढं वाचा, पैसे वाचतील.

मी कडेगाव तालुक्यातला. ठिबक आणि पाइपचं दुकान आहे, वय ४६. पोरवयात तालमीत होतो, कुंडलच्या मैदानात दोन-तीनदा उतरलोय, निकाल विचारू नका. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, पण मान तेवढी राहिली. मानेचं सांगायचं कारण म्हणजे आमच्यासारख्या माणसाला कुणी वजनाची वस्तू हातात दिली की आधी मान ताठ होते आणि डोकं बंद पडतं. माझं नेमकं तेच झालं.

वस्तू अशी : ६२ इंची, तीन तुकड्यांचं टेकडाउन, म्हणजे सुटं करता येणारं, रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य. मधे लाकडी रायझर, त्याला वर-खाली एकेक पातं बोल्टनं बसतं. पात्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात, पण आमच्याकडे लिंब म्हटलं की सरबत आठवतं, म्हणून मी पातीच म्हणणार. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घाटाचं धनुष्य चार-पाच नावांनी विकलं जातं, आणि माझं म्हणणं नावावर अवलंबून नाही. या प्रकाराचा मोठा फायदा म्हणजे रायझर तोच ठेवून पाती बदलता येतात, २५ पासून ६० पाउंडांपर्यंत. म्हणजे चूक केली तरी अर्धीच किंमत बुडते. मी ती सोय पुरेपूर वापरली.

थोरल्या भावाचा मुलगा ओहायोत कोलंबसजवळ राहतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सहा आठवडे त्याच्याकडे होतो. तिकडे सप्टेंबरच्या शेवटापासून धनुष्यबाणानं हरणं मारायचा मोसम सुरू होतो, परवाना काढून, नियमानं. पुतण्याला त्याचा नाद लागलेला. मला दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोरानं माझ्या हाताची लांबी मोजली आणि ३५ पाउंडांचं धनुष्य पुढं केलं. मी एकदा ओढलं आणि पुतण्याला म्हणालो, "हे शाळेतल्या पोरांचं दिसतंय. मोठ्या माणसाचं दाखवायला सांग." पोरगं काही बोललं नाही. ४५ दिलं, मग ५०. ते मी सलग दहा वेळा ओढलं, पुतण्यानं व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, गावाकडून अंगठे आले. झालं, ५० घेतलं. त्या पोराची काडीची चूक नाही. त्यानं बरोबरच दिलं होतं.

आता हिशेब बघा. ५० पाउंड म्हणजे पावणेतेवीस किलो. माझ्या दुकानात ५० किलोचं सिमेंटचं पोतं मी पाठीवर घेतो. मग पावणेतेवीस किलोची काय कथा? पण पोतं पाठीवर असतं आणि पाय ते वाहतात. धनुष्याचं वजन तीन बोटांच्या पेरांवर आणि पाठीत, दोन खवाट्यांच्या मधे येतं. त्या जागेला तालमीतसुद्धा कुणी कधी वेगळं काम दिलेलं नसतं. शिवाय ओढणं वेगळं आणि ओढून धरणं वेगळं. दुकानात मी दहा वेळा ओढलं, धरलं एकदाही नाही. ओढ, सोड. हँडपंप मारल्यासारखं.

हरणाचं म्हणाल तर नेम धरूनच बसावं लागतं. पुतण्याचे शेजारी आहेत, सत्तरीला टेकलेले, जुन्या पद्धतीचं धनुष्य वापरणारे. नोव्हेंबरच्या एका पहाटे त्यांनी मला नुसतं बघायला म्हणून सोबत नेलं. जमिनीवर कापडाची लपण, आत दोन तिपाया. बाहेर दोन डिग्री. उजाडायच्या आधी बसलो ते तीन तास हलायचं नाही. साडेआठच्या सुमाराला एक मादी आली, वीस-बावीस पावलांवर. म्हातारबांनी धनुष्य अर्धं उचललं. बसल्या-बसल्या, कोपर न उडवता, गाईची धार काढायला बसावं तसं. ती तोंड आमच्याकडे करून उभी. ते थांबले. मिनिटभर तरी थांबले असतील. ती वळलीच नाही, सरळ निघून गेली, आणि यांनी बाण भात्यात ठेवला. मला वाटलं संधी घालवली. त्यांचं म्हणणं असं, की समोरून बाण मारायचा नाही. हरीण आडवं उभं हवं, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांतून बाणाचं पातं जातं. आणि अंतर पंधरा पावलांचं हवं. बावीस हे त्यांच्या हिशेबानं लांब होतं.

त्यांचं धनुष्य किती पाउंडांचं? ४३. आधी ५५ चं होतं. साठी ओलांडल्यावर उतरवलं. एका थंडीत ५५ पुरतं ओढलं गेलं नाही, बाण मागच्या मांडीत बसला, आणि ते जनावर शोधत ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जंगलात हिंडले. सापडलं का, हे मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघून विचारावंसं वाटलं नाही.

घरी येऊन मी तसाच, जाकीट न काढता, अंगणात माझं नवं ५० उचललं. ओढलं गेलंच नाही. म्हणजे आलं, पण हनुवटीपर्यंत येता येता डावा हात थरथरायला लागला आणि धनुष्याचं टोक वेलीसारखं हलायला लागलं. बाण न लावता दोरी सोडायची नसते, पाती फुटतात, म्हणून हळूहळू परत सोडलं. त्यातच जास्त घाम फुटला. पुतण्या खिडकीतून बघत होता. यावेळी व्हिडिओ नाही काढला, शहाणा आहे.

इथं थांबून एक घोळ निस्तरतो. आपल्याकडे धनुर्विद्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सातारा येतो, आणि ते बरोबरच आहे. अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. पण तिचा प्रकार कंपाउंड. त्याला टोकांशी चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर वजन एकदम गळतं. ऐंशी टक्के गळणारं ६० पाउंडांचं कंपाउंड धरून ठेवताना हातात बाराच पाउंड राहतात. आपल्या साध्या धनुष्यात उलटं. जितकं ओढाल तितकं जड, आणि सगळ्यात जड नेमकं नेम धरायच्या क्षणी. म्हणून "माझा मित्र साठ मारतो" हे ऐकलं की आधी विचारा, चाकाचं की बिनचाकाचं. सातारचाच पार्थ साळुंखे रिकर्व्हचा, फलटणजवळच्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तोही रिकर्व्हचा. ती सगळी पोरं लहानपणापासून थोडं-थोडं पाउंडेज वाढवत वर गेलेली. बरीच पोरं सुरुवातीला इंडियन राऊंड या देशी प्रकारातलं बांबूचं धनुष्य हातात घेतात. तिथं कुणी मान बघून वजन देत नाही.

पुन्हा माझ्याकडे. धनुष्य सुटं करून सामानाच्या बॅगेत आलं, हा टेकडाउनचा आणखी एक गुण. शेतात विहिरीच्या मातीचा जुना ढीग आहे, त्याच्या पुढ्यात चिंध्या ठासून भरलेलं बारदान उभं केलं. देवराष्ट्र्याचे मामा बघायला आले. ते यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि शेजारी सागरेश्वर. धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं ते अभयारण्य, जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं, आत चितळ, सांबर, काळवीट. कुंपण आहे, तरी रात्री हरणं बाहेर येतात. मामा म्हणाले, "भाच्या, आमचा शाळू पार चरून टाकलाय. एवढं आणलंयस तर एखादं पाड की!" मी म्हटलं, "मामा, १९७२ चा कायदा हाय. हरणाला बाण लावला तर मला आत टाकत्याल आन् तुमचा शाळू तिसराच कोणतरी काढंल." ते हसले, पण पुरते नाही. शाळू त्यांचा गेला होता. ज्यांना ही गंमत वाटते त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो : आपल्याकडे शिकार बंद आहे, हे धनुष्य इथं बारदानासाठीच. पुढं हरणाबद्दल जे लिहिलंय ते तिकडं परवान्यानं शिकार करणाऱ्या आपल्या लोकांसाठी. ओहायोतल्या त्या दुकानात माझ्यानंतर पुतण्याचे तीन मित्र गेले आणि तिघांनीही ५० च घेतलं, म्हणून लिहायला बसलो.

५० नं मी तीन महिने मारलं. अठरा मीटरवरून बारदान चुकायचं नाही, पण बारदानात बाण कुठं लागेल ते सांगता यायचं नाही. एकदा बायको मागं उभी राहून बघत होती. तिला धनुष्यातलं काही कळत नाही, पण म्हणाली, "तुम्ही तोंडापर्यंत आणताच नाही, आधीच सोडताय." खरं होतं. माझ्या हाताची ओढ, म्हणजे दोरी पुरती मागं येते ती लांबी, २९ इंचांची. मी २७ लाच सोडून देत होतो. अंगाला कळलेलं असतं की हे पेलणार नाही, म्हणून बोटं आधीच उघडतात. नेम धरायची वेळच येत नाही. ही सवय एकदा लागली की हलक्या धनुष्यावरसुद्धा सुटता सुटत नाही, आणि माझ्या मते जड पाउंडेजचं खरं नुकसान हेच. खांदा बरा होतो, ही सवय लवकर बरी होत नाही.

खांदाही गेलाच. उजवा. रात्री कुशीवर झोपता येईना. आधी गावात चोळून घेतलं, त्यानं वाढलं. मग मिरजेला दाखवलं. सहा आठवडे धनुष्य बंद आणि रबरी पट्टा ओढायचा व्यायाम. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, पाइप. धनुष्याचं सांगायची लाज वाटली.

त्या सहा आठवड्यांत बसून एक काम केलं. दुकानातला टांगायचा डिजिटल काटा धनुष्याच्या दोरीला अडकवला आणि २९ इंचांपर्यंत ओढून बघितलं. २४ किलो. म्हणजे जवळपास ५३ पाउंड! पात्यावर छापलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. पुढं प्रत्येक इंचाला साधारण दोन-अडीच पाउंड वाढतात, कमी ओढीला तेवढेच उतरतात. हे मला दुकानातच कळायला हवं होतं. तुमची ओढ काढायची सोपी रीत म्हणजे दोन्ही हात फाकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि अडीचनं भागा. माझी वाव साडेबहात्तर इंच, म्हणून २९. ठेंगण्या माणसाची २६ आली तर तेच ५० त्याच्या हातात ४५ च्या आसपास राहील. म्हणून दोन माणसांनी आकड्यावरून वाद घालू नये, दोघंही खरं बोलत असतात.

मग ३५ ची पाती मागवली. पुतण्याचा मित्र येणार होता, त्याच्याबरोबर आली. काट्यावर माझ्या ओढीला ३७. पहिल्याच संध्याकाळी फरक कळला. ओढलं, अंगठ्याचं मूळ जबड्याच्या हाडाला टेकलं, आणि मी तिथं थांबलो. नुसता थांबलो. बारदानावरचा शाईचा ठिपका दिसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी काय करतोय ते मला दिसत होतं. बाण मात्र सगळे डावीकडे. ५० साठी घेतलेले कार्बनचे बाण ३५ ला फार ताठ पडतात, आणि उजव्या हातानं मारणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. म्हणजे पाती बदलली की बाणही बदला. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. ४०० स्पाइनचे होते, ६०० चे घेतले. स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा. आकडा मोठा तेवढा बाण लवचीक, हे उलटं आहे, लक्षात ठेवा.

आठ महिने ३५. मग ४०, माझ्या ओढीला ४२ च्या जरा वर. गेलं वर्षभर तेच लावलंय आणि आता बदलणार नाही. ५० शी तुलना केली तर एक मजेशीर गोष्ट निघाली. ५० मी २७ इंचांवर सोडायचो, तिथं ते ४७-४८ च होतं. ४० मी २९ पर्यंत पुरतं ओढतो. लेबलवरचा दहा पाउंडांचा फरक हातात पाचावर आला, वर ओढीचे दोन इंच वाढल्यानं बाणाला ढकल जास्त लांब मिळते. बारदानात ४० चे बाण रोज सारखेच खोल जातात. ५० चा एखादा पार पिसांपर्यंत जायचा आणि पुढचा लोंबकळायचा.

हरणाला ४० पुरतं का? ओहायोचा नियमच किमान ४० चा आहे. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात ३० चालतात. राज्याराज्यात वेगळं आहे, तेव्हा आधी आपल्या राज्याचा नियम बघा. पण नियमात बसणं एक आणि जनावर लवकर आणि स्वच्छ मरणं दुसरं. बाण गोळीसारखा दणका देऊन मारत नाही, तो कापतो. रक्त जाऊन जनावर पडतं. त्यामुळे बाणाच्या पात्याची धार पहिली, जागा दुसरी, पाउंड तिसरे. म्हातारबा बाणाचं पातं दाढीच्या ब्लेडसारखं लावायचे, दोनच धारांचं, न उघडणारं. कमी पाउंडाला असलंच पातं घ्यावं. उघडझाप करणारी पाती उघडण्यातच जोर खातात. आणि बाण जड हवा. पाउंडाला नऊ-दहा ग्रेन असा हिशेब, म्हणजे माझ्या ४२ ला ३८० ते ४२० ग्रेन, साधारण २५ ते २७ ग्रॅम. हलका बाण वेगानं जातो पण आत जायला कमी पडतो, वर धनुष्य जास्त आवाज करतं. आवाजाचं महत्त्व मला त्या लपणीत कळलं. असा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो. पंधरा मीटरला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात पोचलेला असतो. तेवढ्यात ते खाली दबतं. दहा पाउंड वाढवून हा फरक मिटत नाही. अंतर कमी करून आणि दोरी गप्प करून मिटतो. मी दोरीला लोकरीचे गोंडे बांधलेत, धनगराकडच्या फाटक्या घोंगडीचे धागे उकलून. विकतच्या रबरी मिशांपेक्षा गप्प.

एल्क जातीच्या मोठ्या हरणामागं जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी माझं ऐकू नये.

वजन ठरवायचं कसं, तर माझी रीत अशी. पुरतं ओढा आणि पंधरा आकडे मोजा, सावकाश. टोक हललं तर जड आहे. मग स्टुलावर बसून तेच करा, गुडघे पुढं, पाठ सरळ. उभ्यानं जमतं आणि बसून जमत नाही असे निम्मे निघतात. धनुष्य आभाळाकडे करून, खांदे उडवून ओढावं लागत असेल तर तेही जड. हरीण असं नाचणं बघत उभं राहत नाही. आणि शेवटची, जी दुकानात करता येत नाही : सकाळी उठल्या-उठल्या, चहाच्या आधी, अंग न मोकळं करता एकच बाण मारा. शिकारीत तोच एक बाण असतो. संध्याकाळी गरम अंगानं मारलेल्या चाळीस बाणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. या सगळ्यात जे पास होईल ते वजन घ्या. नवीन असाल तर त्यापेक्षाही पाच कमी.

यावर तालमीतली पोरं मला ऐकवतात, की जुने इंग्रज दीडशे पाउंड मारायचे. मारायचे बाबांनो. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात सापडलेली बरीच धनुष्यं शंभराच्या वरची धरतात. पण त्याच जहाजातल्या सांगाड्यांची खांद्याची हाडं वेगळी दिसतात, आणि ती पोरपणापासून ओढत आलेल्या धनुर्धारींची असावीत असं मानतात. तुम्ही दहावीनंतर सुरू करून काय करणार?

आता धनुष्याबद्दल चार शब्द, परीक्षण आहे म्हणून. मूठ चांगली, माझ्या जाड पंजाला जरा बारीक. बोल्ट हातानं आवळतात, अवजार लागत नाही. सोबत आलेली दोरी टुकार, महिन्यात धागे सुटले, दुसरी करून घ्या. दोरी आणि मूठ यांत साडेसात-आठ इंच अंतर ठेवलं की झणझण कमी होते. दोरी चढवायला पट्ट्याचा स्ट्रिंगर वापरा. माझ्याकडे एका पोरानं पायात घालून चढवली आणि ३५ चं खालचं पातं किंचित पिरगळलं, ते अजून तसंच आहे. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत थर चिकटवलेल्या पात्यांचा डिंक सुटू शकतो. बोटांसाठी चामड्याचा टॅब गावातल्या चप्पलवाल्याकडून कापून घेतला. तळाचं चामडं फार जाड, आतल्या पट्टीचं घ्यायचं.

पाचपैकी किती? रायझरला चार, ४० च्या पात्यांना पाच. ५० ला गुण देत नाही, ती परीक्षा मी नापास झालोय, पात्यांची काय चूक.

ती ५० ची पाती दुकानात काउंटरच्या मागं टांगलीत. ट्रॅक्टरवाले, तालमीतली पोरं येतात, विचारतात. शनिवारी मी ती रायझरला चढवतो आणि म्हणतो, ओढ आणि माझं बिल लिहून होईपर्यंत धर. मी बिल सावकाश लिहितो. अजून कुणाचं बिल पुरं झालेलं नाही. विकायची आहेत, पण घेणाऱ्यानं आधी एवढं करून दाखवायचं.